शेकाआधीचा फोटो

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. दवाखान्यातली सकाळची गर्दी ओसरत आली असताना आमच्या गावातले एक निवृत्त पोस्टमनकाका आले. वय अडुसष्ट. प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाच्या तोंडाशी असणाऱ्या ग्रंथीचा कर्करोग. शहरातल्या एका रुग्णालयात त्यांचे किरणोपचार चालू होते. आपल्याकडे याला कोणी 'शेक' म्हणते, कोणी 'लाईट'. एकूण २० शेक ठरले होते, त्यांतले ७ झाले होते. काका चांगलेच चिडलेले होते.

"डॉक्टर, काल पुन्हा तसाच परत पाठवला. पहाटे साडेपाचच्या एस.टी.नं गेलो, दुपारी दोनपर्यंत बसलो. तो पोरगा टेबलावर झोपवतो, फोटो काढतो आणि म्हणतो, काका, उठा, संडासला जाऊन या, पाणी प्या, तासाभरानं बघू. पुन्हा फोटो, पुन्हा उठा. शेवटी म्हणाला, आज राहू द्या, उद्या या. आठवड्यात ही दुसरी वेळ."

मुलाचे म्हणणे त्याहून पुढचे होते. "साहेब, हॉस्पिटलच बदलावं म्हणतो. तिथल्या माणसाला धड फोटो काढता येत नाही."

खरे सांगायचे तर पहिल्यांदा मलाही तसेच वाटले. आम्ही जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर किरणोपचाराबद्दल फार जाणतो अशातला भाग नाही. एम.बी.बी.एस.च्या अभ्यासक्रमात या विषयाच्या वाट्याला जेमतेम काही तास येतात. १९९० च्या सुमारास मी विद्यार्थी असताना आमच्या महाविद्यालयात कोबाल्टचे यंत्र होते. रुग्णाच्या अंगावर जांभळ्या शाईने चौकोन काढायचे आणि त्या चौकोनात किरण सोडायचे, असा खाक्या. अधूनमधून रुग्णाच्या पाठीखाली फिल्मची कॅसेट ठेवून उपचाराच्याच किरणांनी एक फोटो घेत. तो आमचे सर खिडकीच्या उजेडात धरून बघत आणि आम्ही मागून माना उंचावून बघत असू. राखाडी धुक्यात कुठेतरी कमरेच्या हाडाची कड दिसते आहे, असे सर म्हणत. आम्ही "हो सर" म्हणत असू. मला ती कड कधीही दिसली नाही, हे आज कबूल करायला हरकत नाही.

काकांसमोरच मी त्या रुग्णालयातल्या किरणोपचारतज्ज्ञ बाईंना फोन लावला. तक्रारीच्याच सुरात बोललो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "सर, चित्र अगदी स्वच्छ येतंय, म्हणूनच तर परत पाठवतोय. काकांचं गुदाशय रोज भरलेलं असतं, त्यात गॅस. त्यामुळे प्रोस्टेट पुढे ढकलली जाते. काल जवळजवळ आठ मिलिमीटर होती. तशातच शेक दिला असता, तर ग्रंथीचा पुढचा भाग किरणांबाहेर राहिला असता आणि तिच्या जागी आलेलं गुदाशय भाजलं असतं. टेबल सरकवून थोडं जुळवता येतं, पण इतकं फुगलेलं असलं की ते किरणांतून बाहेर काढता येत नाही. त्यांना बद्धकोष्ठ होईल असं काही औषध चालू आहे का?"

मी काकांचा कागद काढला. कंबरदुखीसाठी ट्रामाडॉल आणि रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. तीन आठवड्यांपूर्वी दिलेल्या. अक्षर माझेच होते. दोन्ही औषधांनी बद्धकोष्ठ होते हे दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही ठाऊक असते, आणि मी सोबत रेचक लिहिले नव्हते. किरणोपचार चालू असलेल्या माणसाला मी काय देतो आहे, याचा विचारही केला नव्हता. त्या मुलाला फोटो उत्तम काढता येत होता. चूक होती ती माझ्या चिठ्ठीत.

त्या दिवसापासून या विषयावर जे वाचले, विचारले, ते वाचकांपुढे ठेवावेसे वाटते. कारण काकांसारखेच आपल्या जिल्ह्यातले पुष्कळ लोक महिना महिना एस.टी.चे पास काढून शेक घ्यायला जातात, आणि शेकाआधी जो फोटो काढला जातो तो कशासाठी, हे त्यांना कोणी नीट सांगत नाही.

किरणोपचारात रोगाच्या गाठीवर बाहेरून किरण सोडतात. रोज थोडी मात्रा, आठवड्यातून पाच दिवस. किरणांना गाठ कोणती आणि आतडे कोणते हे कळत नाही. ज्या जागेवर नेम धरला त्या जागेतून ते जातात. नेम आधी घेतलेल्या सी.टी. स्कॅनवर, संगणकावर धरलेला असतो. प्रश्न असा की, ज्या स्थितीत रुग्ण त्या दिवशी सी.टी.च्या टेबलावर झोपला होता, अगदी त्याच स्थितीत तो पुढचे वीस, पंचवीस, पस्तीस दिवस रोज झोपणार कसा? कातडीवर सुईने शाईचे बारीक ठिपके गोंदतात, भिंतीवरून लेसरच्या रेषा त्या ठिपक्यांवर जुळवतात. डोक्यामानेच्या रोगात गरम पाण्यात मऊ केलेल्या जाळीदार प्लॅस्टिकचा मुखवटा चेहऱ्यावर बसवतात. हे सर्व आवश्यकच आहे. परंतु कातडी ही सदऱ्यासारखी असते, आतल्या अवयवांशी शिवलेली नसते. पोट सुटलेल्या माणसाच्या पोटावरचा ठिपका कुठे सरकेल याचा भरवसा नाही. आणि ठिपका जागेवर असला तरी आतली प्रोस्टेट, गर्भाशय, फुप्फुसातली गाठ ही आपापल्या मर्जीने हलतात.

म्हणून डॉक्टर गाठीभोवती थोडी मोकळी जागा धरून नेम धरतात. नेम चुकला तरी गाठ सुटू नये म्हणून. ही मोकळी जागा म्हणजे निरोगी शरीराने भरायचा दंड आहे. एक साधे गणित करून पाहा. चार सेंटिमीटर व्यासाची, लिंबाएवढी गोल गाठ धरली, तर तिचे आकारमान सुमारे ३३ घनसेंटिमीटर. तिच्याभोवती सगळीकडून एक सेंटिमीटर जागा जास्त धरली तर गोळा होतो ११३ चा. म्हणजे गाठ ३३ आणि फुकट शेकले जाणारे निरोगी शरीर ८०. तेच अर्धा सेंटिमीटर धरले तर गोळा ६५ चा, आणि फुकट भाजणारे ३२. अर्ध्या सेंटिमीटरने निम्म्याहून अधिक नुकसान वाचते. पण अर्धा सेंटिमीटर कमी धरण्याची हिंमत त्यालाच करता येते, ज्याला रोज गाठ कुठे आहे हे दिसते. धुक्यात गाडी हाकणारा सावकाशच जाणार.

आता आमच्या सरांना ती कड का दिसत नसे, त्याचे कारण सांगतो. छातीच्या साध्या फोटोला लाखभर व्होल्टची क्ष-किरणनळी पुरते. त्या शक्तीच्या किरणांना हाडातले कॅल्शियम मांसापेक्षा कितीतरी जास्त अडवते, म्हणून हाड पांढरे आणि मांस करडे दिसते. उपचाराच्या यंत्रातले किरण मात्र बहुधा साठ लाख व्होल्टचे असतात, कोबाल्टचेही याच जातीचे. ते एवढे जोरकस असतात की कॅल्शियमची ती खास अडवणूक त्यांच्यापुढे चालत नाही. कोणता भाग किती घट्ट एवढाच किरकोळ फरक उरतो, आणि हाड, मांस, पाणी जवळपास एकाच रंगाचे दिसू लागतात. उपचाराला जे उत्तम, ते फोटोला वाईट. त्यात कोबाल्टचा स्रोत दीड-दोन सेंटिमीटर रुंद असल्याने कडा आणखी पुसट. सरांचे डोळे चांगले होते की त्यांची श्रद्धा दांडगी होती, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही.

यावर तोडगा निघाला तो असा की, उपचाराच्याच यंत्राला काटकोनात दुसरी, साध्या शक्तीची क्ष-किरणनळी बसवायची आणि समोर फिल्मऐवजी सपाट इलेक्ट्रॉनिक पाटी. २००२ साली अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात डेव्हिड जॅफ्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही नळी रुग्णाभोवती फिरवून शेकडो फोटो घेण्याची आणि त्यांतून शरीराचे आडवे काप दाखवणारे सी.टी.सारखे चित्र उपचाराच्या टेबलावरच तयार करण्याची रीत प्रसिद्ध केली. याला कोन-बीम सी.टी. म्हणतात. काकांचा 'फोटो' हाच. प्रोस्टेटमध्ये तांदळाच्या दाण्याहून लहान सोन्याचे कण आधी बसवून तेच फोटोत शोधण्याचीही रीत आहे.

पण हे चित्रही नेहमीच्या सी.टी.इतके स्वच्छ नसते. नेहमीच्या सी.टी.त किरणांची पातळ पात रुग्णामधून जाते; इथे रुंद झोत जातो. शरीरात आपटून इतस्ततः उधळलेले किरणही त्या पाटीवर पडतात आणि चित्रावर राखाडी साय धरते. रुग्ण जितका जाड तितकी साय दाट. शिवाय यंत्राला एक फेरी मारायला सुमारे मिनिटभर लागते. जत्रेतला जुना फोटोवाला काळ्या कापडात डोके घालून "हलू नका" म्हणून दम भरायचा आणि तरी एखाद्या पोराचा चेहरा पुसट यायचाच, तसेच हे. मिनिटभरात माणूस बारा-पंधरा वेळा श्वास घेतो. आतड्यातला गॅस त्याला न विचारता सरकतो आणि चित्रात काळ्यापांढऱ्या रेघोट्या उमटतात. उधळलेले किरण अडवणारी जाळी, किरणांचा झोत कडेला सौम्य करणारी धातूची पट्टी, पाहिजे तेवढाच भाग उघडा ठेवणे, श्वासाच्या टप्प्यांनुसार फोटोंची विभागणी आणि संगणकाची सुधारलेली गणिते, अशा उपायांनी गेल्या वीस वर्षांत ही चित्रे बरीच सुधारली आहेत. हॉलंडमधल्या उट्रेख्ट येथे २०१७ साली एम.आर.आय. आणि किरणोपचार एकाच यंत्रात आणून रुग्णांवर उपचार सुरू झाले. त्यात मऊ अवयव फार छान दिसतात. आपल्या भागात ते यंत्र यावे असे मात्र मी म्हणणार नाही. आधी जे आहे ते नीट वापरू.

आणि चित्र सुंदर असणे म्हणजेच ते खरे असणे नव्हे. फोटो काढणारी नळी एकीकडे आणि उपचाराचे किरण दुसरीकडून. दोघांचा मध्यबिंदू एकच असला पाहिजे. तो दोन-तीन मिलिमीटरने हटला, तर अत्यंत देखण्या चित्रावर अत्यंत काळजीपूर्वक चुकीचा नेम धरला जाईल, तोही रोज. म्हणूनच अमेरिकेतल्या वैद्यकीय भौतिकशास्त्रज्ञांच्या संघटनेने २००९ साली सांगून ठेवले की हे दोन मध्यबिंदू जुळतात की नाही, हे रोज तपासावे, आणि चित्राचा स्वच्छपणा दर महिन्याला ठोकळा ठेवून मोजावा. या कामाला भौतिकशास्त्रज्ञ लागतो, आणि त्याला सकाळी रुग्ण येण्याआधी यंत्र मोकळे मिळावे लागते.

माझा खरा मुद्दा इथे आहे. नवे यंत्र आले की उद्घाटनाचा फोटो आपल्या वर्तमानपत्रांत येतो. किती कोटींचे, कोणाच्या हस्ते, हे सर्व छापले जाते. त्या यंत्रावर रोज किती रुग्ण बसवणार, प्रत्येकाला किती मिनिटे मिळणार, चित्र रोज घेणार की आठवड्यातून एकदा, ते पाहायला माणूस कोण, हे कोणी विचारत नाही. बाहेर रांग वाढली की पहिली कात्री लागते ती चित्राला. कारण चित्र गाळले तर त्या दिवशी कोणाचेच काही बिघडलेले दिसत नाही. शेक दिला हे कार्डावर लिहिले जाते. त्याचे उत्तर दोन-तीन वर्षांनी मिळते, आणि तेव्हा रुग्ण शौचावाटे रक्त जाते म्हणून आमच्यासारख्याकडे येतो. मग आम्ही 'मूळव्याध' लिहितो. मीही लिहिली आहे.

हे नुसते माझे मत नाही. मुंबईच्या टाटा मेमोरियलमध्ये डॉ. सुप्रिया चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेणाऱ्या ३०० स्त्रियांवर केलेला अभ्यास २०२१ साली प्रसिद्ध झाला. जुन्या पद्धतीने शेक घेतलेल्यांत तीन वर्षांत आतड्याचा त्रास होण्याचे प्रमाण ४२ टक्के, तर रोज चित्र पाहून बारकाईने आकार दिलेल्या किरणांनी शेक घेतलेल्यांत २१ टक्के. निम्मे! अर्थात यातले श्रेय एकट्या चित्राचे नाही, किरणांना आकार देण्याच्या पद्धतीचेही आहे. पण एवढ्या जवळून कातरायचे तर आधी दिसले पाहिजे, हे शिंपीही सांगेल. प्रोस्टेटच्या बाबतीत २००५ सालचा ह्यूस्टनचा एक अभ्यास आहे. नियोजनाच्या सी.टी.च्या दिवशी ज्यांचे गुदाशय फुगलेले होते, त्यांच्यात पुढे रोग उलटण्याचे प्रमाण जास्त आढळले. सी.टी.च्या दिवशी ग्रंथी पुढे ढकललेली, नेम तिथे धरला, नंतर पोट साफ झाल्यावर ग्रंथी मागे सरकली आणि नेम तिथेच राहिला. एका दिवसाच्या बद्धकोष्ठाची केवढी ही किंमत!

दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. फ्रान्समध्ये प्रोस्टेटच्या ४७० रुग्णांत रोजचे चित्र आणि आठवड्याचे चित्र यांची तुलना झाली. २०१८ साली ती प्रसिद्ध झाली. रोजच्या गटात रोग उलटणे आणि गुदाशयाचा त्रास दोन्ही कमी झाले, पण एकूण मृत्यू मात्र त्याच गटात जास्त निघाले, आणि त्याचे पटणारे कारण सापडले नाही. तेव्हा 'जितके फोटो तितके चांगले' असे समजू नये. प्रत्येक चित्रातही किरणे असतात. एका कोन-बीम सी.टी.ची मात्रा त्या दिवशीच्या शेकाच्या साधारण एक-दोन टक्क्यांच्या घरात असली, तरी ती निरोगी भागावरही पडते, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर हात राखूनच घेतली पाहिजे. मेंदूची गाठ कवटीच्या आत फारशी हलत नाही. तिथे हाड जुळले की काम होते, कमी मात्रेचे चित्र पुरते. हाडात पसरलेल्या रोगाच्या वेदनेवर एकच शेक द्यायचा असेल, तर कळवळणाऱ्या माणसाला सुरेख चित्रासाठी टेबलावर ताटकळत ठेवणे हा मला अडाणीपणा वाटतो. कोबाल्टच्या काळातही असंख्य रुग्ण बरे झाले, हेही विसरू नये. चित्र किती स्वच्छ हवे हे कोणता निर्णय घ्यायचा यावर ठरते. पण जिथे गाठीला लागून आतडे, मूत्राशय, हृदय किंवा मज्जारज्जू आहे, तिथे 'दिसले तेवढे पुरे' हे चालवून घेऊ नये.

आणि चित्र चांगले येण्याचा निम्मा खर्च यंत्रावर नाही, रुग्णाच्या तयारीवर आहे. तो आमच्या हातात आहे. कमरेखालच्या भागाला शेक असेल तर बद्धकोष्ठ आणि गॅस यांची व्यवस्था सी.टी.च्या आधी आठवडाभर सुरू व्हावी. इसबगोल चालत असेल तर ठीक, पण काहींना त्याने गॅसच वाढतो. त्यांना साधे रेचक बरे. हरभऱ्याची डाळ, वाल, पावटा त्या महिन्यात ताटाबाहेर. पाणी किती प्यायचे आणि किती वेळ थांबायचे हे विभागात सांगतात ते घड्याळ लावून पाळावे. रोज मूत्राशय सारखेच भरलेले असणे महत्त्वाचे, तुडुंब नव्हे. एस.टी. उशिरा पोचली म्हणून घटाघट बाटली संपवून टेबलावर चढू नये. तसे तिथल्या माणसाला सांगावे. तोंडाच्या कर्करोगात वजन उतरले की मुखवटा सैल होतो आणि आत जबडा हलतो. म्हणून गिळता येत नसेल तर नळीने अन्न देण्याला घरच्यांनी 'आता शेवट आला' समजून विरोध करू नये. मुखवटा केला तेव्हा दाढी असेल तशीच पुढे ठेवावी. अंगावरचे ठिपके घासून काढू नयेत. मंगळसूत्र, साखळी, ताईत घरीच ठेवावे. ताईत काढायला मन धजत नसेल तर तो बरोबरच्या माणसाच्या हातात द्यावा, मी याबाबत वाद घालत नाही.

परत पाठवले तर रागावण्याआधी कारण विचारावे. प्रोस्टेटच्या उपचारात एखादा दिवस पुढे गेल्याने फारसे बिघडत नाही. तोंडाच्या आणि गर्भाशयमुखाच्या कर्करोगात मात्र उपचार लांबणे घातक असते. तिथे 'उद्या या' वारंवार होऊ लागले, तर मुखवटा नवा करायचा का, सी.टी. पुन्हा करायचा का, हे तज्ज्ञांना जरूर विचारावे. विचारण्याचा तुम्हाला हक्क आहे. 'माझे चित्र रोज घेता का, आणि ते कोण पाहते?' हा प्रश्न कोणत्याही किरणोपचार विभागाला अवघड वाटू नये.

काकांचे ट्रामाडॉल मी त्याच दिवशी थांबवले, कंबरेला पॅरासिटॅमॉल आणि गरम पाण्याची पिशवी दिली, लोह तात्पुरते बंद केले, रात्री रेचक सुरू केले. मुलाला सगळा प्रकार सांगितला, माझ्या चिठ्ठीसकट. तो काही बोलला नाही. उरलेल्या १३ शेकांत काकांना आणखी एकदाच परत यावे लागले, ते वीज गेली होती म्हणून.